एअर फ्रायर रुसला तर?

बटाट्याच्या काचऱ्या वीस मिनिटांनंतरही पांढऱ्याफटक राहिल्या, की घरात पहिले वाक्य ऐकू येते, ‘बिघडला वाटतं!’ दुसरे वाक्य यजमानांचे असते, ‘तरी मी म्हणत होतो, कढई काय वाईट होती?’ आणि तिसरे कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याचे, ‘ठेवून जा ताई, खोलून बघतो.’ या तीन वाक्यांत हौसेने घेतलेल्या वस्तूचे भवितव्य ठरून जाते. पहिले वाक्य आणि तिसरे वाक्य यांच्यामध्ये अर्धा तास थांबले, तर पुष्कळदा असे आढळते की यंत्राला काहीच झालेले नाही. बिघाड असतो, पण तो भिंतीत असतो, टोपलीत असतो, नाही तर आपल्या वापरण्याच्या पद्धतीत असतो. आणि जेव्हा तो खरोखरच यंत्राच्या पोटात असतो, तेव्हा आपण स्क्रू ड्रायव्हर हाती न घेणेच शहाणपणाचे.

आत आहे तरी काय?

नावात ‘फ्रायर’ असले तरी हे यंत्र काही तळत नाही. ही एक लहानशी, झटपट तापणारी भट्टी आहे. वर गोल कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा आणि खाली जाळीची टोपली. पंखा तापलेली हवा वेगाने टोपलीतल्या पदार्थावर फेकतो. ती हवा बाजूंनी वर चढते, पुन्हा तापते आणि पुन्हा खाली येते. पदार्थाच्या अंगावरचे पाणी भराभर उडून जाते व वर कुरकुरीत पापुद्रा धरतो. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात या नावाचे यंत्र लोकांपुढे मांडले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते आपल्याकडच्या लहान गावांतल्या ओट्यांवरही येऊन बसले.

कॉइल आणि पंख्याखेरीज आत मोजकीच मंडळी आहेत. वेळेचे बटण, उष्णता राखणारा थर्मोस्टॅट, टोपली नीट बसली की दाबली जाणारी एक चिमुकली कळ आणि यंत्र अति तापले तर स्वतः जळून वीज तोडणारा थर्मल फ्यूज. बटणांऐवजी काचेवर आकडे उमटणारा नमुना असेल तर एक इलेक्ट्रॉनिक पट्टी. बस्स, एवढाच संसार. त्यामुळे तक्रारीही मोजक्याच असतात आणि त्यांची कारणे बाहेरून आत जात जात शोधता येतात.

आधी भिंतीकडे बघा

यंत्र अजिबात सुरू होत नसेल, तर बहुतेक जण त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघतात. चार्जर चालला, म्हणजे वीज आहे, म्हणजे यंत्रच बिघडले! हा निष्कर्ष घाईचा आहे. चार्जरला नाममात्र वीज लागते. एअर फ्रायर बहुधा १२०० ते १८०० वॅटचा असतो. १५०० वॅटचा धरला, तर २३० व्होल्टला तो सुमारे साडेसहा अँपिअर वीज ओढतो. सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झाल्या असतील, तर चार्जर बिनबोभाट चालेल आणि फ्रायर मात्र हूं की चूं करणार नाही. म्हणून परीक्षा घ्यायची तर इस्त्रीने घ्या. इस्त्री नीट तापली तर सॉकेट पास. ती मधूनच बंद पडली, सॉकेटमधून चरचर आवाज आला किंवा प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देण्याइतक्या तापलेल्या आढळल्या, तर फ्रायर निर्दोष आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि सॉकेट बदलून घ्या.

इथेच आणखी एक गोष्ट. फ्रायरचा जाड पिनांचा प्लग बारीक भोकांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून बाजारात कन्व्हर्टर मिळतो. तो या यंत्रासाठी वापरू नये. बारीक भोकांचा सॉकेट सहा अँपिअरचा असतो, आपले यंत्र साडेसहा ओढते. फरक थोडा दिसतो, पण रोज वीस-पंचवीस मिनिटे तो सोसून सॉकेट आतल्या आत काळा पडतो. पातळ वायरीचे एक्स्टेन्शन बोर्डही तसेच. त्यावर फ्रायर, मिक्सर आणि बिनपाण्याची शेगडी अशी पंगत मांडणाऱ्या घरांत आधी बोर्डाची तब्येत पाहावी. घरातल्या इन्व्हर्टरवर तर हे यंत्र लावूच नये. दिवे-पंख्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरला हा भार पेलत नाही.

गोल बटणांच्या फ्रायरबाबत एक गंमत ध्यानात ठेवा. वेळेचे बटण फिरवले की टिकटिक ऐकू येते, म्हणून आपण समजतो वीज आत आली. पुष्कळ नमुन्यांत ही टिकटिक किल्लीच्या घड्याळासारखी स्प्रिंगवर चालते. प्लग काढून ठेवला तरी ती चालूच राहील! वीज आली की नाही, हे दिव्यावरून ओळखायचे, टिकटिकीवरून नव्हे.

पुण्यात कुरकुरीत, मऊरानीपूरला मऊ

आता अशी कल्पना करा. झाशी जिल्ह्यात, झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मऊरानीपूर नावाचे तालुक्याचे गाव आहे. हातमागाच्या कापडासाठी ओळखला जाणारा हा भाग. १७४२ साली पेशव्यांचे सुभेदार म्हणून नारो शंकर झाशीला आले, तेव्हापासून या मुलखात मराठी घरे नांदू लागली. अशाच एका घरात पुण्याच्या भावाने दिवाळीला बहिणीकडे एअर फ्रायर पाठवला. पुण्यात त्याच नमुन्यावर वहिनी अठरा मिनिटांत कुरकुरीत काचऱ्या करते, आणि इकडे अर्धा तास झाला तरी काचऱ्या उकडल्यासारख्या. दुपारी केल्या तर जरा बऱ्या, संध्याकाळी सात वाजता केल्या तर पार गळलेल्या. बहीण म्हणते, भावाने खराब नग पाठवला. भाऊ म्हणतो, ताईला वापरता येत नाही.

दोघेही चूक असू शकतात. यंत्र तेच, बटाटेही तेच, फरक व्होल्टेजचा असू शकतो. मेच्या महिन्यात बुंदेलखंडात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत गावोगावचे कूलर, पंखे आणि पंप एकदम सुरू झाले, की लांबच्या तारेच्या टोकाला व्होल्टेज खाली येते. हे केवळ तिकडचेच नाही. आपल्याकडेही विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या गृहिणींनी संध्याकाळी मिक्सर रडतखडत फिरताना पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कमी व्होल्टेजचा परिणाम वाटतो त्याहून जास्त असतो. व्होल्टेज दहा टक्के उतरले तर उष्णताही दहा टक्क्यांनी उतरेल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. तापणाऱ्या कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारी कॉइल २०७ व्होल्टला सुमारे १२१५ वॅट देते आणि १८० व्होल्टला जेमतेम ९२० वॅट. म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्शाने उतरले की उष्णता दोन पंचमांशाने गेली! वरून पंखाही मंदावतो. थर्मोस्टॅट बिचारा कॉइल जास्त वेळ चालू ठेवून भरपाई करू पाहतो, पण कॉइल अखंड चालूनही २०० अंशांचा पल्ला गाठता आला नाही, तर तो तरी काय करणार? हवा पुरेशी तापत नाही, पाणी उडून जाण्याऐवजी पदार्थातच मुरते आणि बटाटा आपल्याच वाफेत शिजतो.

हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. फ्रिजच्या किंवा एसीच्या स्टॅबिलायझरवर येणाऱ्या विजेचा आकडा दिसत असेल तर तो बघा. नाही तर सॉकेटमध्ये खोचायचा लहानसा व्होल्टमीटर विजेच्या दुकानात मिळतो. मात्र आकडा दोनदा बघायचा, एकदा फ्रायर बंद असताना आणि एकदा फ्रायर भर तापात असताना. या दुसऱ्या वेळेलाच खरी मेख आहे.

फ्रायर बंद असतानाही आकडा १८५-१९० दाखवत असेल, तर दोष बाहेरच्या पुरवठ्याचा. शेजारीही तेच असणार. अशा वेळी वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, शक्यतो गल्लीतल्या चार घरांनी मिळून. पण फ्रायर बंद असताना २२५ आणि चालू करताच २००, असे झाले आणि शेजारच्या घरात मात्र आकडा हलला नाही, तर मामला गंभीर आहे. ते २५ व्होल्ट आपल्याच घराच्या वाटेत कुठे तरी खर्च होत आहेत. हिशेब केला तर ती सुमारे १४० वॅट उष्णता होते, म्हणजे जुन्या काळच्या मोठ्या पिवळ्या बल्बाहूनही जास्त. ती मीटरजवळच्या एखाद्या सैल सांध्यात किंवा भिंतीतल्या जुन्या बारीक वायरीत साठते आहे. फ्रायरने खरे तर आपल्याला आगीची आगाऊ सूचना दिली. त्याला दुरुस्तीला पाठवून उपयोग नाही, वायरिंग तपासून घ्या आणि तोवर त्या सॉकेटवर जड यंत्रे लावू नका.

फ्रिजच्या स्टॅबिलायझरवरच फ्रायर लावावा का? मुळीच नाही. तो फ्रिजच्या मापाचा असतो, दीड हजार वॅट त्याच्या आवाक्याबाहेरचे. व्होल्टेज कमी असताना त्यापेक्षा टोपली निम्मीच भरा, वेळ वाढवा आणि जमल्यास दुपारीच करून घ्या. उपाय साधा आहे, पण काचऱ्या त्यानेच कुरकुरीत होतात.

टोपलीची कळ आणि दाण्यांची टरफले

सॉकेट चांगला, व्होल्टेजही ठीक, तरी यंत्र मुके? मग टोपली बाहेर काढा. टोपली पूर्ण आत गेली नाही तर वीज सुरूच होऊ नये, अशी योजना यात असते. टोपलीच्या मागच्या बाजूचा एक उंचवटा आतली कळ दाबतो. तिथे ब्रेडचा चुरा, वाळलेले बेसन किंवा चिकट तेलाचा थर साचला की टोपली केसभर बाहेर राहते आणि यंत्र झोपून राहते. प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर ती जागा ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि टोपली ‘टक’ असा आवाज येईपर्यंत आत सारा. काही नमुन्यांत टोपली आणि बाहेरचे भांडे वेगळे होते. ती दोन्ही एकमेकांत नीट अडकली नसतील तरी हेच होते. कळ दाबली जाते का, हे पाहायला सुरी किंवा उलथन्याचे टोक आत खुपसणारे धाडसी लोक आहेत. तसे करू नये. कळ दाबली गेली आणि प्लग लावलेला असला, तर समोर उघडी तापती कॉइल असते.

धुराच्या तक्रारीत धुराचा रंग बघावा. पांढरा धूर बहुधा टोपलीखालच्या भांड्यात गळलेल्या चरबीचा किंवा मागच्या वेळच्या न धुतलेल्या तेलाचा असतो. मटण, कोंबडी किंवा सढळ तेल लावलेले पदार्थ केल्यावर तो येतो. यंत्र बंद करून, गार झाल्यावर भांडे धुतले की प्रश्न मिटतो. काळा धूर मात्र पदार्थ जळत असल्याचा किंवा कॉइलला काही चिकटून पेटल्याचा. अशा वेळी आधी भिंतीवरचे बटण बंद करा, मग प्लग काढा. टोपली लगेच उघडू नका, उघडली की आत ताजी हवा जाते आणि धुमसणारे भडकते. पाणी तर अजिबात ओतू नका. धूर पूर्ण थांबू द्या, यंत्र गार होऊ द्या, मगच टोपली ओढा. ज्वाळा बाहेर दिसल्या, तर सगळ्यांना घराबाहेर काढून अग्निशामक दलाला बोलवावे.

जळका वास येतो आणि टोपली तर स्वच्छ आहे, असे असेल तर नजर वर करा. झाशीकडे भुईमूग पिकतो, आपल्याकडेही दाणे भाजणे हे घरोघरचे काम. एअर फ्रायरमध्ये दाणे छान भाजले जातात, यात शंका नाही. पण दाण्यांची पातळ टरफले पंख्याच्या वाऱ्याने उडतात, कॉइलवर जाऊन बसतात आणि करपतात. कसुरी मेथी, सुका कढीपत्ता, टोपलीत पदार्थाशिवाय अंथरलेला कागद, या सगळ्यांची तीच गत. दाणे भाजायचे तर वर जाळीची छोटी स्टँड पालथी ठेवावी.

कॉइल साफ करण्याची रीत अशी. प्लग काढलेला, यंत्र गार. ते आडवे करून मऊ जुन्या दात घासण्याच्या ब्रशने, ब्रश थोडा ओला करून, कॉइल हलक्या हाताने घासावी. मग ओलसर फडके, मग कोरडे फडके, आणि पुढे काही तास तसेच वाळू द्यावे. पाण्याची फवारणी नको, ओव्हन साफ करायची जळजळीत रसायनेही नकोत. टोपलीला तारेची घासणी लावू नये, हे सांगितले तरी कामवाल्या बाईंपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा टोपली आपणच धुतलेली बरी. काळा लेप पापुद्र्यांनी सुटू लागला असेल तर टोपली बदलावी. बऱ्याच कंपन्या ती सुटी विकतात.

नवीन यंत्राला पहिल्या एक-दोन वेळेस प्लॅस्टिकचा वास येतो, तो बिघाड नव्हे. महिने लोटल्यावर प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला, तर मात्र यंत्र लगेच बंद करावे.

पंख्याचा आवाज आणि स्क्रूची लक्ष्मणरेषा

पंख्याची घरघर ऐकू येते आणि हवा थंड, तर कॉइल तुटली असेल, थर्मोस्टॅट गेला असेल, किंवा काही नमुन्यांत फक्त कॉइलच्या वाटेवर असलेला फ्यूज उडाला असेल. उलट, कॉइल लाल दिसते आणि पंख्याचा आवाज नाही, तर त्या क्षणी बंद करा. हवा हलत नसल्याने उष्णता वरच कोंडते. खडखड आवाज आला तर पंख्याच्या पात्यात काही अडकले आहे किंवा पाते वाकले आहे. शरीराला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, किंवा यंत्र लावताच घरातला गळती पकडणारा स्विच खाली पडतो, असे होत असेल, तर यंत्र पुन्हा लावून ‘बघू या’ म्हणू नये. आणि जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसते, तेही त्याच वेळी तपासून घ्यावे.

या सगळ्या तक्रारींत पुढचे पाऊल म्हणजे यंत्राचे झाकण उघडणे, आणि ते पाऊल आपण उचलू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. उघडले की गॅरंटी जाते, हे तर आहेच. पण आतल्या तारा कॉइलच्या अगदी जवळून जातात. सांधा जरासा सैल बसला तरी तो तापतो. हे मोठ्या कारखान्यांनाही चुकले आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत कोसोरी या नावाने विकले गेलेले सुमारे वीस लाख एअर फ्रायर परत मागवण्यात आले. कारण एवढेच, की आतल्या तारेचा एक जोड अति तापून आग लागण्याचा धोका होता. म्हणून दुरुस्तीला देण्याआधी यंत्राच्या बुडाखालचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगून, तो माल परत मागवला आहे का, एवढे विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

गॅरंटीच्या मुदतीत बिघडले आणि कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मऊरानीपूरच्या बहिणीला वाटेल, वस्तू घेतली पुण्यात, मग भांडायला पुण्याला जायचे का? नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला, तेव्हापासून तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तिच्यासाठी झाशीला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत हवी. बिल भावाकडे असेल तर त्याने ते फोटो काढून आजच पाठवावे, कारण बिलाची छपाई वर्षभरात उडून कोरा कागद उरतो.

‘डायरेक्ट करून देतो’

गॅरंटी संपलेली आणि कंपनीचे दुरुस्ती केंद्र साठ-पासष्ट किलोमीटरवर, अशा घरांना गावातल्या कारागिराशिवाय गत्यंतर नसते. हे कारागीर हुशार असतात, त्यांच्या हाताला गुण असतो, याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्या तोंडचे एक वाक्य ऐकले की सावध व्हा, ‘फ्यूज उडाला होता, डायरेक्ट करून दिला.’ डायरेक्ट म्हणजे थर्मल फ्यूज काढून त्या जागी साधी तार जोडली. यंत्र लगेच चालू होते, बिलही कमी येते. पण हा फ्यूज उगाच उडत नाही. पंखा थांबला होता, मागची जाळी भिंतीला चिकटून बंद झाली होती, किंवा थर्मोस्टॅट अडकून कॉइल सुटेनाशी झाली होती, म्हणून तो जळला. ते कारण तसेच आहे आणि आता मध्ये आडवे येणारे कोणी उरलेले नाही. पुढच्या वेळी पंखा थांबला, तर तापलेले प्लॅस्टिकच काय ते बोलेल. फ्रायर ओट्यावर लावून अंगणात कपडे वाळत घालायला जाणारी गृहिणी काही विरळा नाही.

तेव्हा यंत्र देतानाच सांगावे, की फ्यूज गेला असेल तर तसाच नवा घाला आणि तो का गेला तेही शोधा. हा फ्यूज डाख देऊन जोडू नये, डाखाच्या उष्णतेनेच तो जळू शकतो. तो धातूच्या नळीत दाबून जोडतात. काढलेला जुना फ्यूज मागून घ्या. दोन टोकांना तारा असलेली ती एक छोटी नळी असते आणि तिच्यावर अंशांचा आकडा छापलेला असतो. नवा बसवण्यापूर्वी त्याच्यावरचा आकडा दाखवायला सांगा, आणि दोन्ही आकडे सारखे असतील तरच पैसे द्या.